उन्हाळ्यात कुत्र्याला बूट: चार प्रकारांतला कामाचा एकच

एप्रिलमध्ये कोल्हापुरात पारा 37-38 ला टेकला की कुत्र्यांच्या बुटांना गिऱ्हाईक वाढतं. दुकानात आणि ऑनलाइन मिळून मुख्य प्रकार चार: फुग्यासारखे पातळ रबरी बूट, रबरी ठिपक्यांचे मोजे, पंजाला लावायचं मेण, आणि वेल्क्रोचा पट्टा व जाड तळ असलेले बूट. भाजण्यापासून वाचवतात ते फक्त शेवटचे. बाकीचे तिन्ही आपापल्या जागी चांगले आहेत, पण उन्हासाठी म्हणून घेतले तर पैसे जातात आणि पंजाही भाजतो.

हवेत 30 अंश असले तरी थेट उन्हातलं डांबर 55 च्या पुढे जातं. 60 अंशांच्या चटक्याला माणसाची कातडी साधारण 5 सेकंदांत भाजते. कुत्र्याच्या पंजाची गादी जाड आणि खरखरीत असते, त्यामुळे थोडा जास्त वेळ मिळतो, इतकंच. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावरून अनवाणी नेऊ नका. ही परीक्षा संध्याकाळीही करा, कारण सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ उष्णता सोडत राहतं. पंचगंगेच्या घाटाच्या दगडी पायऱ्या, गटाराची लोखंडी झाकणं आणि गच्चीची फरशी यांनाही हाच नियम.

फुग्याचे बूट ताणून चढवायचे, त्यांना वेगळा तळ नसतो. रबराचा एक पातळ थर, तोही कातडीला चिकटलेला, त्यामुळे चटका जवळजवळ जसाच्या तसा आत पोचतो. शिवाय कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजालाच, आणि हवाबंद रबरात तो साचतो. नंबर लहान निघाला तर वरची कड पायाला आवळते आणि पंजा सुजतो. घेऊन ठेवले असतील तर टाकू नका, जूनपासून चिखलात उत्तम चालतात. चावून गिळणाऱ्या कुत्र्याला मात्र कधीच घालू नका.

मोजे घरातल्या गुळगुळीत फरशीसाठी आहेत, म्हाताऱ्या किंवा ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला त्यांचा मोठा आधार होतो. रस्त्यावर कापड तापतं. काही जण मोजा भिजवून घालतात. तसं करू नका, ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा जास्त वेगाने आत जाते.

मेणाबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. असं मेण बर्फातल्या स्लेजच्या कुत्र्यांसाठी निघालं, पंजात बर्फाचे गोळे अडकू नयेत म्हणून. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, आणि भर दुपारचं डांबर त्याच्या आसपास असतं. वितळलेल्या थरावर धूळ आणि खडी चिकटते. भेगा पडलेल्या पंजाला रात्री पातळसं लावायला मेण चांगलं. पण रोज थापून गादी मऊ करू नका, मऊ गादी लवकर सोलपटते.

आता वेल्क्रोचे बूट. दुकानात तीन गोष्टी हाताने तपासा. पहिली, तळ रबराचा आणि किमान 3 मिलिमीटर जाड हवा. आत फोमचा थर असेल तर उत्तम, उष्णता अडवण्याचं बरंचसं काम तोच करतो. दुसरी, दोन बोटांत धरून बूट वाकवा. तळ वाकत नसेल तर कुत्रा फळकुटावर चालल्यासारखा चालेल आणि जिन्यावर घसरेल. तिसरी सर्वांत महत्त्वाची: तळाच्या कडेने शिलाई आहे का? स्वस्तातले बहुतेक बूट नुसते चिकटवलेले असतात. तापलेल्या रस्त्यावर गोंद मऊ पडतो आणि पुढचं टोक उघडतं. कोल्हापुरात यावर सोपा इलाज आहे: चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून नवे असतानाच कडेने मेणाच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. गाठ बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा, आत आली तर बोटांना घासते.

माप चुकल्यामुळे चांगले बूटही वाया जातात. आधी नखं कापा, वाढलेली नखं बुटाचं टोक आतून फाडतात. मग कुत्र्याला कागदावर उभं करा आणि मापाच्या पंजाच्या जोडीचा दुसरा पाय उचलून धरा, म्हणजे वजन पडून पंजा पसरेल. दोन्ही कडांना पेन्सिलने खूण करून रुंदी मोजा. हवेतल्या पंजाचं माप घेतलं तर बूट घट्टच येणार. मागचे पंजेही वेगळे मोजा, बहुतेक कुत्र्यांचे ते पुढच्यांपेक्षा लहान असतात. चारही बूट एकाच नंबरचे घेतले की मागचे फिरतात, तळ बाजूला येतो आणि कुत्रा कापडावर चालायला लागतो. म्हणून दोन-दोनच्या जोडीने विकणारं दुकान शोधा.

आपल्या भागातल्या कारवानी जातीच्या कुत्र्यासाठी हे जास्तच लागू. त्याचा पंजा अरुंद आणि लांबट, वरचा पाय बारीक. रुंदीवरून नंबर काढला तर लांबी कमी पडते, लांबीवरून काढला तर बूट गरगर फिरतो. उंच गळ्याचा, दोन पट्ट्यांचा बूट घ्या आणि आत लहान मुलाचा पातळ सुती मोजा घाला. लॅब्राडोरचा पंजा रुंद असल्यामुळे नेहमीचे बूट त्याला बरे बसतात. पग जातीच्या कुत्र्याला बूट बसले तरी दुपारी बाहेर काढूच नका. चपट्या नाकामुळे त्याला धापून अंग नीट थंड करता येत नाही, त्याचा खरा धोका पंजाचा नसून उष्माघाताचा आहे.

पट्टा आवळल्यावर आत एक बोट सरकलं पाहिजे. आतल्या बाजूचं वरचं पाचवं नख पट्ट्याखाली दाबलं जात नाही ना, ते बघा. पहिले तीन-चार दिवस घरातच पाच-पाच मिनिटं घाला आणि लगेच खाऊ द्या. सुरुवातीला पाय उंच उचलून टाकणं सामान्य आहे, लंगडणं नाही. एका वेळी 20-30 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. काढल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. वेल्क्रोत केस अडकून पकड गेली की जुन्या टूथब्रशने घासा.

हे बूट गाडीतून दवाखान्यापर्यंत जायला, रस्ता ओलांडायला, सावली नसलेला तुकडा पार करायला. फिरवणं सकाळी सातच्या आत, रंकाळ्याला नेत असाल तरी मातीच्या कडेने. गच्चीवर राहणाऱ्या कुत्र्याला बूट हा उपायच नाही. त्याला सावली, पाणी आणि त्या सावलीतच पायाखाली ओलं गोणपाट द्या, आणि शक्य असेल तर दुपारी घरात घ्या.

एवढं करूनही पंजा भाजला, म्हणजे कुत्रा लंगडतो, पंजा सारखा चाटतो, गादी लाल किंवा काळपट दिसते, फोड येतो, तर वाहतं साधं गार पाणी 10 ते 20 मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काही लावू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि चाटू देऊ नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते. फोड फुटला असेल किंवा गादीची साल सुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि गाडीपर्यंत उचलून न्या.