उन्हाळ्यासाठी लेट्यूसचं बियाणं: चार वाणांची पारख

बियाण्याच्या पाकिटावर ‘उष्णता सहनशील’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की वाण लवकर फुलावर येत नाही. उकाड्यात लेट्यूस मात्र चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी मार खातं: उगवण, पानांच्या कडा, चव, रंग. त्यामुळे पाकीट घेताना वाण नेमका कशाला टिकतो, ते विचारायला हवं.

हे पीक दिवसा १८ ते २४ अंशांत खूश असतं. पुण्या-नाशिकात एप्रिलमध्ये पारा ३८-४० वर जातो, तेव्हा ५० टक्के शेडनेट आणि फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे) गृहीत धरूनच हे वाचावं. उघड्यावर चारही वाण नापास.

ग्रेट लेक्स हे दुकानात सहज मिळणारं, १९४० च्या दशकातलं अमेरिकन आइसबर्ग, म्हणजे कोबीसारखा गोल गड्डा धरणारं लेट्यूस. जुन्या वाणांत चिवट, पण रात्रीही उकाडा राहिला की गड्डा घट्ट भरत नाही. दाबला की पोकळ लागतो. शंका आली तर एक गड्डा उभा चिरून पाहावा. मधला दांडा उंच सरकलेला दिसला, तर बाहेरून काही कळत नसलं तरी आत डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, सुरू झालाय. (कांद्याला डेंगळे थंडीने येतात, याला उकाड्याने आणि लांब दिवसांनी.) दांडा निघाला की चीक वाढतो, आणि कडवटपणा त्या चिकातच असतो. हॉटेलचा माल परत येतो तो बहुधा इथेच. मार्चनंतरच्या लावणीला हे घेऊ नये.

जेरिको हा इस्राएलमध्ये तयार केलेला रोमेन, म्हणजे उभ्या लांब पानांचं लेट्यूस. दांडा उशिरा काढतो, चव टिकवतो. चारांत उन्हाळ्याला सगळ्यात भरवशाचा. पानं मोठी होतात, त्यामुळे दोन रोपांतलं अंतर ३० सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका.

नेवाडा हा बटाविया गटातला, म्हणजे सैल गड्ड्याच्या कुरकुरीत लेट्यूसचा. याची खरी किंमत कळते ती करप्यात, म्हणजे आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात त्यात. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि बाष्पीभवन जिथे जास्त तिथे जातं. मिटलेल्या गड्ड्यातल्या पानांतून पाणी उडतच नाही, म्हणून जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही ती उपाशी राहतात. गच्च आइसबर्गवर कॅल्शियमची फवारणी वरवरच राहते. नेवाडाचा गड्डा बराच काळ उघडा असतो, तिथे ती पोचते. शेडनेटमध्ये हवा खेळती ठेवली तर निम्मं काम होतं.

लोलो रोसा हा लाल, कुरळ्या पानांचा वाण. त्याचं दुखणं रंगाचं. लाल रंगद्रव्य उष्ण रात्रीत कमी बनतं, त्यात वर शेडनेटची सावली. पानं हिरवट-तपकिरी पडतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. थंडीत पैसे देणारा वाण, मे महिन्यात नको.

हायड्रोपोनिक्सवाल्यांनी, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात पीक घेणाऱ्यांनी, वाणाआधी टाकी बघावी. द्रावण २५ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मुळं तपकिरी होऊन कुजतात. मग जेरिकोही वाचत नाही. टाकी सावलीत ठेवा, पाइप पांढरे ठेवा आणि ईसी (द्रावणातल्या क्षारांचं माप) १.२ च्या आसपास उतरवा.

उगवणीचं मात्र चौघांचंही सारखंच रडगाणं. माती २८-३० अंशांपुढे गेली की साधं बी सुप्तावस्थेत जातं. बी खराब असल्याची तक्रार करण्याआधी थर्मामीटर घाला. पेरणी सूर्यास्तानंतर, ट्रे दोन-तीन दिवस थंड खोलीत. उगवायला उजेड लागतो, म्हणून वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) फक्त २-३ मिलिमीटर थर. प्रायमिंग केलेलं (आधी ओलं करून उगवणीला तयार करून सुकवलेलं), गोळीचं (वर लेप दिलेलं) बी गरमीत बरंच जास्त उगवतं, महाग असलं तरी उन्हाळ्यात तेच घ्यावं. पण एका हंगामात संपेल एवढंच. साध्या बियापेक्षा ते लवकर म्हातारं होतं.