टोम ऑफ फोज: वैर भरपूर, पाण्याचा पत्ता नाही

ड्वार्फ (ठेंगणे, डोंगर खोदून राहणारे कारागीर) आणि ड्युएर्गार (त्यांचेच खोल जमिनीखाली राहणारे भाऊबंद) एकाच डोंगरात वर-खाली राहतात, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, आणि त्यांच्या पाण्याची सोय काय हा प्रश्न या जाडजूड पुस्तकाला पडतच नाही. माझी मुख्य तक्रार एवढीच. बाकीचं सगळं तिच्या नंतर.

'मॉर्डेनकायनन्स टोम ऑफ फोज', म्हणजे मॉर्डेनकायननचा शत्रूंचा ग्रंथ, २०१८ चा, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा. टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची, असा हा खेळ; आमच्या टेबलावर तो मी चालवतो. २५६ पानं, त्यातली अर्ध्याहून जास्त बेस्टियरीची, म्हणजे राक्षसांच्या जंत्रीची. उरलेल्या पानांत ब्लड वॉर (नरकातल्या दोन सैतानी जमातींचं न संपणारं युद्ध), आणि मग एकेक वंश: एल्फ, ड्वार्फ-ड्युएर्गार, गिथ, आणि शेवटी हाफलिंग-नोम ही बुटकी मंडळी एकाच खोलीत कोंबलेली. मी पुस्तक घेतलं ते या उरलेल्या पानांसाठी. राक्षस मला मॉन्स्टर मॅन्युअल या खेळाच्या मूळ राक्षस-पुस्तकातलेच पुरतात, पण कोणाचं कोणाशी का पटत नाही हे दर रविवारी नव्याने शिजवायचा कंटाळा आला होता.

खरेदीची कथा थोडक्यात. छापील किंमत ४९.९५ डॉलर, त्यामुळे नव्या प्रतीचा विचार केला नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'जवळजवळ नवी' प्रत मागवली. खोकं एका बाजूने चेपलेलं, आत पुस्तकाचा कोपरा दुमडलेला आणि कणा सैल. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. उजेडात काढून पाठवा म्हणाले, तेही पाठवले. मग "वाचनाला अडचण येते का?" असं लेखी विचारलं. शेवटी थोडे पैसे परत मिळाले, त्यातले निम्मे अप्पा बळवंत चौकाजवळच्या बाइंडरला गेले. त्याने कण्याला असं कापड लावून दिलंय की पुस्तक आता टेबलावर सपाट उघडं राहतं. ही सोय नव्या प्रतीतही मिळाली नसती.

सुरुवात एल्फांपासून केली, कारण आमच्यातल्या एकीला एलाड्रिन (एल्फांचाच एक प्रकार) खेळायची होती. प्रकरणाचा गाभा असा: मूळ एल्फ त्यांच्या देवासारखे, कोरेलॉनसारखेच, हवं ते रूप घेणारे होते. लोल्थने (पुढे ड्राउंची देवी झाली ती) त्यांना एका रूपात स्थिरावण्याची गोडी लावली, आणि तिथून फाटाफूट होऊन सगळे हद्दपार झाले. मेलेल्या एल्फचा आत्मा आर्व्हान्डॉरला, कोरेलॉनच्या लोकी, परत जातो आणि पुन्हा जन्माला येतो. लहानपणी एल्फला समाधीत स्वतःच्या नाही, तर मागच्या जन्मांच्या आठवणी दिसतात. वय वाढतं तशा त्या मिटत जातात आणि पडदा पडला की तो सज्ञान. मला वाटलं होतं, हे टेबलावर समजावून सांगायला अर्धा तास जाईल. दोन मिनिटं लागली. पूर्वजन्म म्हटल्यावर आपल्या लोकांना प्रस्तावना लागत नाही. खेळणारीने तिथल्या तिथे ठरवलं की तिच्या एलाड्रिनला एक ड्राउ (लोल्थच्या मागे गेलेल्या, जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांपैकी) सरदारीण मागच्या जन्मीची बहीण म्हणून आठवते. झालं. एल्फ विरुद्ध ड्राउ हे देवादिकांचं भांडण एका वाक्यात ऋणानुबंधावर आलं आणि मला महिनाभराचा मसाला मिळाला. या प्रकरणाला पैकीच्या पैकी.

ड्राउंबद्दल तक्रार आहे, पण ती जुनीच. लोल्थच्या शहरात कारस्थानं सोडून लोक दुसरं काय करतात ते दिसत नाही. कोणी तरी चपला शिवत असेल ना?

आता ड्वार्फ. आमचं कॅम्पेन, म्हणजे रविवारमागून रविवार चालणारी कथा, बराच काळ एका डोंगरी किल्ल्यात अडकलं होतं. वर ड्वार्फांच्या भट्ट्या, खाली ड्युएर्गार. पुस्तकात दोन्ही बाजूंची कैफियत आहे. ड्वार्फ म्हणतात, हे लोक आपल्या देवाला, मोराडिनला विसरले, हावरटपणे नको तितकं खोल खणत गेले आणि माइंड फ्लेयरांच्या (मनावर ताबा मिळवून गुलाम करणाऱ्या राक्षसांच्या) तावडीत सापडले. ड्युएर्गार म्हणतात, आम्ही गुलामीत सडत होतो तेव्हा मोराडिनही आला नाही आणि भाऊबंदही. वाचायला झकास. पण टेबलावर मांडलं तर खेळाडू विचारतात, "बरं, मग आज काय झालं?" आणि आज काय झालं ते पुस्तकात नसतं. खजिना, हातोडे, बंडखोरी, देव, सगळं आहे. धान्य कुठून येतं, धूर कुठे जातो, कोण कोणाला जकात देतं, यातलं काही नाही. कडेच्या मजकुरात मॉर्डेनकायनन महाराज अधूनमधून समतोलाचं प्रवचन देतात. पुस्तकाला ज्याचं नाव आहे तो हा माणूस मुळात गॅरी गायगॅक्सचं, म्हणजे या खेळाच्या एका जनकाचं, स्वतःचं कॅरेक्टर. जादूगार मोठाच, पण त्याच्या घरी नळाला पाणी चोवीस तास येत असणार.

म्हणून मी पाणी घातलं. वरच्या भट्ट्यांचा लोखंडी गाळ ज्या झऱ्यात सुटतो तोच झरा खाली ड्युएर्गारांच्या टाक्यांत उतरतो. खाली मुलं आजारी पडतात. ड्युएर्गारांनी उतरता बोगदा मध्येच बुजवला, तर पाणी तुंबून वरच्या तळघरात शिरलं. एवढंच. देव नाहीत, माइंड फ्लेयर नाहीत. पुढचे कितीतरी रविवार फासे कमी आणि वाटाघाटी जास्त झाल्या. एकाने तर गाळ बसवायच्या कुंडाचा नकाशा काढून आणला. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो: वैर पोटातून येतं, पुस्तक ते आकाशातून आणतं, पैसे वाया.

पण करार सहीला आला आणि अडला. अटी सगळ्यांना मान्य होत्या. ड्वार्फ क्लेरिक (पुजारी) खेळणारा मात्र हटून बसला. म्हणे, पाणी देऊ, पण 'हक्क' लिहायचा नाही. मोराडिनला सोडून गेलेल्यांचा या डोंगरावर हक्क कसला? तिकडे मी खेळवत असलेली ड्युएर्गार म्हातारी म्हणाली, भीक म्हणून पाणी नको. मला काही शिजवावं लागलं नाही, दोघांची भाषा थेट पुस्तकातली होती. मग लक्षात आलं की ही पानं भांडण पेटवायला नाहीतच, ती भांडण मिटू न द्यायला आहेत. आपल्याकडची भाऊबंदकी बांधावरून सुरू होते, पण मोजणी होऊन बांध सरळ झाला तरी संपत नाही, कारण तोवर कोणाच्या आजोबांनी कोणाला लग्नाच्या पंगतीतून उठवलं हे बाहेर आलेलं असतं. त्यात ड्वार्फ जगतो साडेतीनशे वर्षं. ज्या आजोबांना पंगतीतून उठवलं ते शेजारच्या खोलीत बसलेले असतात आणि तपशील दुरुस्त करतात. एल्फ साडेसातशे वर्षं जगतो, तर त्यांच्याबद्दल बोलायलाच नको.

तेव्हापासून पुस्तक वापरायची माझी रीत बदलली. आजचं कारण माझं, कालचं कारण पुस्तकाचं. अशी विभागणी केली की पुस्तक फार मोलाचं ठरतं. पाण्याबद्दलची तक्रार कायम आहे, फक्त तिची धार गेली.

गिथ हे सगळ्यात भक्कम प्रकरण, आणि तिथे माझी तक्रार लागूच पडत नाही. एकच लोक, माइंड फ्लेयरांचे गुलाम. गिथ नावाच्या पुढारीणीच्या पुढाकाराने बंड होतं आणि स्वातंत्र्य मिळतं, लगेच पुढे काय यावरून दुफळी. लढत राहू म्हणणारे गिथयांकी अ‍ॅस्ट्रलमध्ये म्हणजे जगांमधल्या पोकळीत, मेलेल्या देवाच्या कलेवरावर वसवलेल्या तुनारथ शहरात. तिला विरोध करणाऱ्या झर्थिमॉनच्या मागे गेलेले गिथझराई लिंबो या निव्वळ गोंधळाच्या जगात, मनाच्या जोरावर गोंधळाला आकार देऊन मठ बांधून राहिलेले. आता गंमत बघा. अ‍ॅस्ट्रलमध्ये वय वाढत नाही, म्हणजे मूल वाढणार नाही. म्हणून गिथयांकींना आपल्या जगात लपून क्रेश, म्हणजे पोरं वाढवायच्या छावण्या, चालवाव्या लागतात. तिथली पोरं लहानपणापासून लढायला शिकतात आणि माइंड फ्लेयर मारून दाखवल्याशिवाय मोठी समजली जात नाहीत. जगाच्या एका नियमातून अख्खा समाज निघाला: वसाहती, शिक्षण, लूटमार, आणि खेळाडूंशी गाठ पडायचं कारणसुद्धा. वर राणी व्लाकिथ, त्या नावाची एकशे सत्तावन्नावी. ती फार बलवान झालेल्यांना बोलावून घेते आणि त्यांचे आत्मे गिळते. गादीला धोका होईल असा कोणी उरतच नाही. ड्वार्फांच्या प्रकरणाला असा एक नियम मिळाला असता तर मला झरा खणावा लागला नसता.

या गिथयांकींचा जनक चार्ल्स स्ट्रॉस, पुढे नावाजलेला विज्ञानकथाकार. १९७९ साली 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात ते पहिल्यांदा छापून आले तेव्हा तो शाळकरी वयाचा होता, हे कळल्यापासून मी माझ्या टेबलावरच्या दहावीतल्या भाच्याच्या सूचना लिहून घेतो. २०२३ मध्ये याच जगावरचा 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम आल्यापासून हे प्रकरण वापरणं एकीकडे सोपं झालंय आणि एकीकडे अवघड. त्यातल्या ले'झेल या गिथयांकी पात्रामुळे क्रेश म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण आमच्या प्रत्येक गिथयांकीचा आवाज तिच्याच तिरसट सुरात निघतो.

हाफलिंग आणि नोम यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, पुस्तकालाही नव्हतं. हाफलिंगांचं कोणाशी वैर नाही, गाव दडवून सुखाने राहतात. टोम ऑफ 'फोज' मध्ये यांचं काय काम? ब्लड वॉर वाचायला दणदणीत आहे. आमचं टोळकं अजून नरकाच्या पहिल्या थराला, म्हणजे अ‍ॅव्हर्नसला जायच्या लायकीचं नाही, त्यामुळे ते प्रकरण कोरं करकरीत.

बेस्टियरीत ड्युएर्गारांचे नऊ प्रकार आहेत. स्टॅट ब्लॉकांकडे (प्रत्येक राक्षसाच्या ताकदीचे आकडे देणाऱ्या चौकटींकडे) लोक फक्त आकड्यांसाठी बघतात, पण हॅमरर आणि स्क्रीमर नीट वाचा. ही यंत्रं आहेत, आणि शिक्षा म्हणून त्यांच्या आत जिवंत ड्युएर्गारच जखडलेला असतो. कायदा, मजुरी, दहशत, सगळं एका चौकटीत दिसतं. मात्र नऊच्या नऊ मारामारीचे. मला करारासाठी एक कारकून हवा होता, तो शेवटी घरीच तयार केला.

आता घ्यावं की नाही. २०२० पासून 'जात्याच दुष्ट वंश' या कल्पनेवर बरीच झोड उठली, आणि माझ्या मते ती योग्य होती. समोरचा जन्मानेच वाईट असेल तर वाटाघाटीला जागा उरत नाही आणि खेळ कत्तलखान्यात जातो. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकने, म्हणजे खेळाच्या मूळ नियमपुस्तकाने, तर वंशासाठीचा 'रेस' शब्दच काढून टाकला. पण त्याआधी २०२२ मध्ये 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स' आलं, त्यात राक्षस आणि खेळायचे वंश नव्याने मांडले, आणि समाजांच्या, वैरांच्या लांब कहाण्या गाळल्या. त्याच सुमारास टोमची डिजिटल विक्री थांबली. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांच्याकडे ते राहिलं, नव्याने मिळत नाही. दुष्टपणाचा शिक्का काढा की, पण भांडणाची कैफियत कशाला काढायची? दोन्ही बाजू ऐकवल्या की तो शिक्का आपोआप पुसट होतो, हे आमच्या झऱ्याकाठी मी पाहिलंय.

तेव्हा नुसते राक्षस हवे असतील तर २०२२ चं घ्या, आकडे तिथे जास्त नीट आहेत. खेळाडू तलवारीपेक्षा तोंड जास्त चालवणारे असतील तर टोम घ्या, आणि जुनंच घ्या. छापील किमतीच्या वर कोणी मागत असेल तर सोडून द्या, 'दुर्मिळ' म्हणून भाव चढवणारे बरेच आहेत. कणा सैल असेल तर तेच सांगून किंमत पाडा. बाइंडरचा खर्च त्यातून सहज सुटतो.