199 रुपयांची 'मिनरल तपासणी' मला 14,899 ला पडली

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मालवणात आमच्या वाडीत शिबिर लागलं. मुठीत दांडा धरायचा, मिनिटभरात लॅपटॉपवर रिपोर्ट. सुई नाही, रक्त नाही. असली शिबिरं तुम्हीही पाहिली असतीलच.

माझ्या रिपोर्टात प्रोस्टेटचा रकाना! बाईमाणसाला प्रोस्टेट! पोरगा हसला, "सॉरी काकी, चुकून पुरुष टिक झालं." स्त्री टिक केलं आणि नवा कागद काढला. दांडा तेव्हा टेबलावर पडला होता. माझा हातही लागला नव्हता त्याला, तरी रिपोर्ट आला. तिथेच उठायला हवं होतं. उलट मीच म्हटलं, "असू दे रे."

झिंक, क्रोमियम, सेलेनियम तिन्ही तळाला, म्हणून वजन हटत नाही म्हणे. 81 किलो वजन, दिवसभर खानावळीत उभी, रात्री नुसती पेज, तरी काटा ढिम्म. कुणी कारण सांगितलं की माणूस ऐकतोच. आणि तो सगळंच खोटं बोलत नव्हता. साखर आवरणारं इन्सुलिन स्वादुपिंडात झिंकसोबतच साठतं, हे नंतर आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण क्रोमियमने वजन उतरतं याला भरवशाचा पुरावा नाही. आणि झिंक सगळ्यात जास्त कशात? कालवांत, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांत! जी मी खाडीवरून आणून आठवड्याला दोनदा रांधते आणि खाते. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "त्या येंत्राक काय कळता?"

तपासणी 199, त्याने दिलेल्या मिनरलचा पहिला डबा 8,500, महिन्याने 'दुसरा टप्पा' 6,200. पावती एकाचीही नाही. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

"झिंक भरलं की साखरेची गोळी सुटेल," म्हणाला. मी सोडली. उपाशीपोटी साखर 268! ही चूक माझी, पण तुम्ही कुणाच्याही सांगण्यावरून गोळी बंद करू नका. केस गळायला लागले ते वेगळंच. सेलेनियम जादा झालं तरी गळतात, डॉक्टर म्हणाले. डब्यावर प्रमाणच लिहिलेलं नाही. खाण्याच्या वस्तूंचा FSSAI परवाना क्रमांक 14 आकडी असतो, यावर दहाच. मोजून बघा.

पोलिसांत गेले तर, "तुम्ही स्वतःहून दिलेत ना पैसे?" तिथून जिल्ह्याच्या अन्न-औषध कार्यालयात पाठवलं. एसटीने दोन खेपा, खानावळ बंद. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा, "डबा फोडलेला आहे, नमुना चालत नाही." न फोडता कळणार कसं हो, की फसलो? अर्जावर शिक्का मारायलाही तयार नव्हते. शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. निदान तक्रारीचा नंबर तरी मिळाला.

परवा देवगडच्या मावसबहिणीने फोटो पाठवला. तोच पोरगा, तोच दांडा. फी आता 249.