.३८ स्पेशलसाठी शिशाची बुलेट: मेणवाली की कोटेड?

रिलोडिंग (मारून झालेली काडतुसं घरी पुन्हा भरणं) नुकतंच सुरू केलेल्या दोघातिघांनी विचारलं की .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाला शिशाची बुलेट मेण लावलेली घ्यावी की रंगासारखा थर दिलेली, म्हणजे कोटेड, म्हणून एकदाच नीट लिहितो. हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे बरं का, भारतात लायसन्सशिवाय काडतूस भरणं कायद्यात बसत नाही. प्रेस, डाय (प्रेसमध्ये बसणारे साचे), मॅन्युअल सगळं तुमच्याकडे आहे असं धरतो आणि पावडर किती घालायची ते मॅन्युअलमध्येच बघा, माझ्याकडून घेऊ नका.

मी .३५७ मॅग्नमच्या सहा इंची रिव्हॉल्वरमधून .३८ मारतो (त्यात हेही चालतं), इनडोअर रेंज, २५ यार्ड. बरीच वर्षं मेणवाली हार्ड कास्ट (कडक ओतीव शिशाची) वापरली, १५८ ग्रेन वजनाची सेमी-वॅडकटर (चपट्या नाकाची), आणि गेली तीन वर्षं त्याच आकाराची कोटेड. नेम म्हणाल तर मला तरी फरक जाणवला नाही, हात टेकवून मारलं की दोन्हींचे सहाच्या सहा कपाच्या तोंडाएवढ्या जागेत जातात. किंमत कोटेडची थोडी जास्त पडते हे खरं.

कडकपणाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण बरेच जण सगळ्यात कडक बुलेट उचलतात, वाटतं की कडक म्हणजे बॅरलला शिसं चिकटणार नाही. .३८ मध्ये प्रेशर कमी असतं, त्यामुळे फार कडक बुलेट मागून फुगत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि तोच शिसं कापून फोर्सिंग कोनमध्ये (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडात) नेऊन चिकटवतो. माझ्या मते ब्रिनेल (कडकपणाचं माप) १२ च्या आसपास पुरे, १८ च्या वरची .३८ ला नकोच. आणि त्याहून महत्त्वाचं माप. .३५८ इंच जाडीची बुलेट रिकाम्या सिलिंडरच्या तोंडातून बोटाने दाबल्यावर अडत अडत गेली पाहिजे, टपकन खाली पडली तर ती तुमच्या गनला बारीक आहे, मग मेण असो की कोटिंग, बॅरल घासत बसावं लागणार.

आता माझा निर्णय ज्याने झाला ते. मेण जळून होणारा धूर नाही, धुराची सवय होते. डायमध्ये साचणारं मेण. बाजारच्या कास्ट बुलेटला मुलांच्या रंगखडूसारखं कडक मेण असतं, डब्यात हलून त्याचे कपचे पडतात आणि बुलेट बसवताना ते वर सीटिंग डायमध्ये जाऊन दाबले जातात. एका रविवारी दीडशेक राउंड भरले आणि शेवटचे हातात घेतले तर क्रिम्पची खाच (केसचा, म्हणजे पितळी नळीचा, काठ जिथे दाबतात ती बुलेटवरची खाच) दिसेचना, केसच्या आत गेलेली, पहिल्या वीसमध्ये मात्र बरोबर काठावर होती. डाय खोलला, टूथपिकने टोकरलं तर आतून लाल मेणाची गोटी निघाली आणि तिच्यावर बुलेटच्या नाकाचा उलटा ठसा, अगदी साच्यातून काढल्यासारखा. बुलेट खोल बसली की आतली जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं, .३८ च्या हलक्या लोडला कदाचित काही झालं नसतं, पण किती बिघडलेत ते कळेना म्हणून मी ते सगळे पुलरने (बुलेट उपटून काढायच्या हत्याराने) फोडले, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यानंतर दर पन्नास राउंडला डाय खोलून पुसायचो. ते करायची तयारी असेल तर मेणवाली बुलेट अजिबात वाईट नाही, आउटडोअर मारणाऱ्याला तर मी ती आजही घे म्हणेन.

कोटेडमध्ये हा प्रकारच नाही, माझा डाय महिनोन्‌महिने कोरडा असतो. एकच पथ्य, केसचं तोंड नेहमीपेक्षा जरा जास्त उघडा. नाहीतर काठ कोटिंग खरवडतो, बुलेटच्या कडेला रंगाची बारीक कड निघालेली दिसते, आणि तिथूनच लेडिंग (बॅरलला शिसं चिकटणं) सुरू होतं. पहिल्या पाच-सहा बुलेट बसवून पुलरने परत काढून बघा, कोटिंग अख्खं असेल तरच पुढे भरा.

फक्त कागदावरच मारणार असाल तर १४८ ग्रेनची मऊ, पोकळ बुडाची, सपाट तोंडाची वॅडकटर आहे, तिच्याइतकं स्वच्छ गोल भोक कोणीच पाडत नाही. पण ती जोरात हाकू नका, मागचा पातळ घेर तुटून बॅरलमध्येच राहू शकतो.

आणि कोटेडने बोटं काळी होत नाहीत म्हणून हात न धुता जेवणाचा डबा उघडू नका, प्रायमरच्या धुरातही शिसं असतं.