चावी घेताना ८५,५०० दिले, सोडताना ८,४०० मिळाले

गेल्या वर्षी मुलाला पुण्यात कात्रजजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बार्शीहून आम्ही तीन पालक मिळून गेलो आणि तिन्ही पोरांसाठी धनकवडीत एक वन बीएचके बघितला. एजंट म्हणाला, "भाडं १५,०००, डिपॉझिट तीन महिन्यांचं. डोक्यावर पाच-पाच पडतील." दुपारी दुसरी पार्टी येतेय म्हटल्यावर जागेवरच ५,००० टोकन दिलं.

आमचा हिशोब ६०,०००चा होता, डिपॉझिट आणि पहिलं भाडं. चावीच्या दिवशी सामान खाली टेम्पोत असताना एजंटने पुढचे आकडे काढले. ब्रोकरेज १५,०००, ॲग्रीमेंट ३,५००, सोसायटीचे शिफ्टिंगचे २,०००. टोकन डिपॉझिटमध्ये धरा म्हटलं, तर "ते फ्लॅट अडवून ठेवल्याचे." टेम्पोवाला घाई करत होता, पोरं उन्हात उभी. दिले.

खरा घात त्या ॲग्रीमेंटच्या ३,५०० मध्ये होता. आमच्या हातात पडला तो नोटरीचा शिक्का मारलेला कागद. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी भाड्याने राहण्याचा करार नोंदवावा लागतो, ऑनलाइनही होतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या साधारण पाव टक्का. आमच्या अकरा महिन्यांना ते शुल्क पाचशेच्या आसपास गेलं असतं. वर करून देणाऱ्याची मजुरी. आम्ही पैसे नोंदणीचे दिले आणि नोंदणी झालीच नाही. 'इंडेक्स टू', म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, मागायचा असतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात पोरांनी फ्लॅट सोडला. मालकाने कापले रंगाचे १२,०००, साफसफाईचे ३,०००, मेंटेनन्सचे ६,६०० आणि नोटीस लेखी नव्हती म्हणून एक अख्खं भाडं. एप्रिलमध्येच पोरांनी फोन करून सांगितलं होतं. मेंटेनन्सचं तर अकरा महिन्यांत कुणी नाव काढलं नव्हतं. ४५,००० मधले ८,४०० परत आले.

नंतर वकील असलेल्या मेव्हण्याने सांगितलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. म्हणजे आमची बाजू लंगडी नव्हती. माहीत नव्हतं म्हणून मान खाली घालून परत आलो, याचा अजून त्रास होतो. आता त्याने मालकाला नोटीस पाठवली आहे.

यंदा कर्वेनगरला शोधताना फोनवरच विचारत गेलो: चावी हातात येईपर्यंत एकूण किती, त्यातले परत किती, रंगाचे किती कापणार? व्हॉट्सॲपवर लिहून द्या. दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्याने लिहून दिलं, रंगाची रक्कम करारात आकड्यात घातली आणि डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात भरायला सांगितलं. सामान आत नेण्याआधी पोरांनी भिंती, नळ, गिझर आणि लाइटच्या मीटरचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवला.