बूस्टर पंपाचा प्रेशर स्विच: नटाला हात लावण्याआधी टाकीतली हवा बघा

अर्ध्या एचपीचा पंप, 24 लिटरची प्रेशर टाकी आणि प्रेशरनुसार पंप चालू-बंद करणारा साधा मेकॅनिकल स्विच, असा सेट पावसाळ्याआधी बसवला. गच्चीवरची टाकी आमच्या शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे प्रेशर 0.3 बारच्या आसपास. पंपाने तो प्रश्न मिटवला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

दिवाळीनंतर टकटक सुरू झाली. नळ सोडला की पंप चालू, दोन मग पाणी गेलं की बंद, परत चालू. रात्री कुणी फ्लश केलं तरी घर जागं. सर्व्हिसवाला आला, स्विचचं कव्हर उघडलं, मोठा नट आवळला, "स्विच गेलाय, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. त्यानंतर पंप बंदच होईना. कट-आउट, म्हणजे पंप बंद होण्याचं प्रेशर, इतका वर गेला होता की तिथपर्यंत प्रेशर न्यायची पंपाची ताकदच नव्हती. मोटर हात लावू देईना, एमसीबी पाडावा लागला.

मला संताप याचा आहे की त्याने प्रेशर टाकीच्या मागची प्लास्टिकची टोपी काढूनसुद्धा बघितली नाही. तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. वीज बंद करून, नळ उघडून पाणी काढून टाकलं, गेज शून्यावर आला आणि टायरचा गेज लावला. काटा हललाच नाही! हवा संपली की आतली रबरी पिशवी फुगून टाकी पाण्याने भरते, दाबायला काही उरत नाही, मग पंप सारखा चालू-बंद होतो. यात स्विचचा काय दोष?

हवा कट-इनपेक्षा, म्हणजे पंप चालू होण्याच्या प्रेशरपेक्षा, 2 पीएसआय कमी हवी. माझा कट-इन 20 पीएसआय, म्हणजे 1.4 बार. सायकलच्या पंपाने 18 पर्यंत भरली. मोठा नट फिरवला की माझ्या स्विचमध्ये दोन्ही आकडे सोबत हलतात, छोट्या नटाने फक्त त्यांच्यातला फरक. मोठा थोडा थोडा सैल करत, दर वेळी नळ सोडून गेज बघत, 1.4 ला चालू आणि 2.8 ला बंद असं परत आणलं. आत 230 व्होल्ट उघडे असतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी एमसीबी खाली. आता पंप थांबल्यावर टाकी जवळपास 8 लिटर पाणी देते. रात्रीच्या फ्लशला बहुतेक वेळा मोटर उठतच नाही.

मधल्या काळात हा सेट विकायला काढणार होतो. आता कंट्रोलरचा विचारही सोडला. इतक्या कमी पैशात मिळणारा आणि घरी पान्याने दुरुस्त होणारा स्विच मला जास्त भरवशाचा वाटतो. पंपाला चार तारे, सर्व्हिसला एकही नाही.

टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह दाबल्यावर पाणी आलं तर पिशवी फाटलीय, हवा भरून उपयोग नाही. आणि एकही नळ उघडा नसताना पंप सुरू होत असेल तर आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) आणि गळका फ्लश तपासा.