पातं मोकळं, पातं अडवलेलं आणि मधली खूण: एका रोटरी कटरबद्दल

गोल पात्याच्या या कटरवर एक चकती आहे. पातं मोकळं फिरू द्यायचं, एकाच दिशेने फिरू द्यायचं की पूर्ण अडवायचं, हे तिच्यावरच्या तीन खुणांनी ठरतं. हा कटर घ्यायचा असेल तर त्यातल्या मधल्या खुणेसाठी घ्या. उरलेल्या दोन खुणांपैकी एकीचं काम साधा कटर जास्त चांगलं करतो आणि दुसरी क्वचित लागते. हे आधीच सांगून टाकते, कारण खोक्यावर तीन चित्रं सारख्याच थाटात छापली आहेत आणि ती पाहून तीन हत्यारं एकात मिळाल्यासारखं वाटतं.

मी कॅनव्हासच्या आणि चामड्याच्या पिशव्या शिवते, यंत्रांची कव्हरं शिवते, पट्टे करते. त्यामुळे एकाच टेबलावर सुती अस्तरही बेतायचं असतं, तीन मिलिमीटर जाडीचं चामडंही कापायचं असतं आणि मध्येच कव्हरात घालायचा फोमही येतो. फक्त सुती कापड कापणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी मोकळ्या पात्याचा साधा कटर पुरेसा आहे आणि त्यात काही सुधारायची गरज आहे असं मला वाटत नाही.

गोल पात्याचा कटर हा प्रकारच १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने बाजारात आणला. कात्रीचं खालचं पातं कापडाखाली शिरतं आणि कापड उचलतं. उचललेलं कापड सरकतं, आणि चार पदर एकावर एक असले की खालचा पदर वरच्यापेक्षा वेगळा निघतो. कटरचं पातं कापडाला वरून मॅटवर, म्हणजे कापताना खाली अंथरायच्या जाड चटईवर, दाबत पुढे जातं, त्यामुळे कापड जागचं हलत नाही. सगळी गंमत या दाबून धरण्यात आहे, आणि अडचणही तिथेच आहे.

मोकळं पातं चाकासारखं फिरतं. फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी पुढेही जात नाही की मागेही. म्हणजे धार कापडावर घासत नाही, वरून खाली दाबली जाते. सुती कापडाचे धागे मॅट आणि धार यांच्यात सापडतात आणि तुटतात, काम झालं. फोमचं तसं होत नाही. फोम दबतो, पातं त्याच्यावरून लोळत जातं आणि मागे एक छान वळ उमटतो. जाड फेल्टची तीच कथा. चामडं निम्म्यापर्यंत कापलं जातं, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच रेषेवरून जायचं, आणि दर वेळी रेष केसभर चुकते. कड जिन्यासारखी दिसते.

अशा मालाला धार घासून जावी लागते. कागदाची कड बोटावर सरळ दाबली तर काही होत नाही, तीच सर्रकन सरकली की रक्त येतं. जाड आणि दबणाऱ्या मालासाठी पातं फिरू न देता ओढलं पाहिजे, ते यासाठी.

साध्या कटरमध्येही लोक हे जमवतात. मधला नट करकचून आवळायचा, की पातं अडतं. मात्र नट आवळून पातं पूर्ण अडत नाही, अर्धवट अडतं. कधी फिरतं, कधी घासतं, आणि घासतं तेव्हा नेमकं एकाच जागी. थोड्या दिवसांनी त्या जागी धार सपाट होते. मग नट सैल करून कापड कापायला घेतलं की ठरावीक अंतरावर एकेक धागा न तुटता राहतो. हे अंतर पट्टीने मोजून पाहा: पातं ४५ मिलिमीटरचं असेल तर ते साधारण १४१ मिलिमीटर येतं, म्हणजे पात्याचा पूर्ण घेर. २८च्या पात्याचं ८८ येईल, ६०च्या पात्याचं १८८. न तुटलेले धागे या हिशोबात बसले तर दोष मॅटचाही नाही आणि हाताचाही नाही, पात्याला एका जागी खांडा पडलाय. हे ज्याला माहीत नसतं तो मॅट बदलतो.

या नव्या कटरची रचना करणाऱ्याने हे नटाचं दुखणं नीट ओळखलंय, आणि मला त्याचं सर्वात जास्त कौतुक इथे आहे. पातं धरून ठेवणं हे एक काम आणि त्याचं फिरणं आवरणं हे दुसरं. साध्या कटरात दोन्ही कामं एकाच नटाच्या गळ्यात असतात. इथे बोल्टला मध्ये खांदा, म्हणजे एक जाड पायरी, दिलाय. नट त्या खांद्यावर जाऊन बसतो आणि थांबतो. कितीही जोर लावा, पात्यावर दाब वाढत नाही. फिरणं आवरायचं काम मागच्या बाजूच्या दातेरी कड्याकडे आणि स्प्रिंगवरच्या एका छोट्या खिटीकडे दिलंय. अंगठ्याने बाहेरची चकती फिरवली की खिटी आत येते, अर्धी येते किंवा बाहेर राहते. चकती फिरताना बोटाला स्पष्ट टिचकी लागते, त्यामुळे न बघताही कोणत्या खुणेवर आहोत ते कळतं. टेबलावर मान घालून काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

पहिली खूण मोकळ्या पात्याची. खिटी बाहेर असली तरी कड्याचं आणि रबरी वॉशरांचं ओझं पात्यावर असतंच, त्यामुळे ते साध्या कटरइतकं हलकं फिरत नाही. सॅटिन किंवा झिरझिरीत जाळी कापताना हा फरक जाणवतो, कापड पात्यापुढे किंचित गोळा होतं. शिवाय कापडाची लव दातांमध्ये जाऊन बसते. सुती फ्लॅनेल कापलं की कटर उघडून ब्रशने कडं साफ करावंच लागतं. माझा जुना कटर मी अस्तरासाठी टेबलावरच ठेवला आहे आणि तो तिथून हलणार नाही.

तिसरी खूण पूर्ण अडवलेल्या पात्याची. पुढेही फिरत नाही, मागेही नाही. फोम पुढे ढकलत कापायचा असेल तर ही लागते. सुती कापडावर लावली तर पातं नांगरासारखं धागे ओढत नेतं, तेव्हा तो प्रयोग करू नका.

आता मधली. इथे खिटी दातांवर तिरकी टेकते, म्हणून पातं एकाच दिशेने फिरू शकतं. कटर पुढे ढकलला की पातं टिकटिक करत मोकळं फिरतं, आणि मागे ओढला की जागच्या जागी अडतं. ऐकायला साधं आहे. पण बघा, कापड कापणारे आपल्यापासून दूर ढकलत कापतात आणि चामडं कापणारे आपल्याकडे ओढत. एकाच खुणेवर दोन्ही कामं झाली, चकतीला हातही न लावता. कॅनव्हासची बाजू कापून झाली की तोच कटर चामड्यावर ठेवायचा आणि ओढायचा.

त्याहून जास्त उपयोग शिवणीवरून जाताना होतो. दोन शिवणी जिथे एकावर एक येतात तिथे सहा-आठ पदर होतात, आणि मोकळं पातं त्यावरून उडी मारून जातं. मग लोक करवतीसारखा कटर मागेपुढे करतात. मागे येताना पातं उलटं फिरतं, वरचा पदर घेऊन सरकतं आणि कड वाकडी होते. म्हणून शिकवणारे सांगतात की कटर मागेपुढे करू नका. या खुणेवर मात्र मागे येताना पातं फिरतच नाही, घासून कापतं. शिवणीपाशी पोचलं की बोटभर मागे ओढायचं, पुन्हा पुढे जायचं. न तुटलेला एखादा धागाही तसाच काढता येतो, त्यासाठी कात्री शोधायला नको.

धारेच्या वापरातही याचा फायदा आहे, आणि तो सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नाही. कड्याला २४ दात आहेत. घेर १४१ मिलिमीटर, म्हणजे एका टिचकीला पातं जवळजवळ ६ मिलिमीटर पुढे जातं. तीन मिलिमीटरचं चामडं ४५च्या पात्याने ओढून कापताना धारेचा साधारण १२ मिलिमीटरचा भाग कामाला लागतो, सर्वात खालच्या बिंदूपासून चामड्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. म्हणून धार कमी झाल्यासारखी वाटली की मॅटच्या कोपऱ्यावर कटर दोन टिचक्या पुढे लोळवायचा, अगदी ताजी धार खाली येते. एक टिचकी पुरत नाही, कारण वापरलेल्यातला अर्धा भाग कामावर राहतोच. एका पात्यात अशा डझनभर जागा मिळतात. खांडा पडलेलं पातंही फेकायचं कारण नाही: खांडा वरच्या बाजूला येईल असं फिरवून चामड्यासाठी वापरता येतं. कापडावरून निवृत्त झालेली सगळी पाती मी आता चामड्याला लावते.

बोथट झालेला तुकडा मोडून टाकायचा आणि पुढची धार वापरायची ही कल्पना १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादांनी आणली, तुकड्या-तुकड्यांनी मोडणाऱ्या पात्याचा चाकू तो त्यांचाच. गोल पातं बाजारात आणणारी कंपनीही त्यांचीच. तिथे धारेचा संपलेला भाग बाजूला करायची सोय सरळ पात्यात होती. गोल पात्यात ती या टिचक्यांमुळे आली, निदान माझ्या टेबलावर तरी.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. बाजारात मिळणारी ४५ मिलिमीटरची साधी पाती यात बसतात, हे चांगलंच. पण त्यांचं भोक गोल असतं, त्यामुळे कड्याला ती दातांनी धरता येत नाहीत. दोन बाजूंच्या दोन रबरी वॉशरांच्या पकडीवर सगळा भरवसा आहे. नव्या पात्यांवर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो थर रबराला लागला की पकड जाते, खिटी दातांत घट्ट बसलेली असते आणि पातं मात्र आपल्या मनाने फिरतं. जाड चामड्यात ओढताना असं झालं की कटर झटकन सुटतो, आणि दुसरा हात पट्टीवर असतो हे लक्षात घ्या. पातं बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी, मधल्या भागापर्यंत, कापडाने कोरडं पुसणं हाच उपाय. ही सूचना पत्रकाच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात हवी होती. ती कुठेच नाही. वॉशर सुटे मिळतात का, तेही नाही.

दुसरी तक्रार झाकणाची. मूठ सोडली की पातं आपोआप आत जाणारे कटर आता सर्रास मिळतात. याचं झाकण अंगठ्याने सरकवावं लागतं. जे हत्यार जास्त जोर लावून, अंगाकडे ओढून वापरायचं आहे त्यालाच हाताने सरकवायचं झाकण का दिलं असेल, याचं उत्तर मला सापडत नाही. बहुधा चकतीने जागा खाल्ली. तरीही.

पट्टी आणि मॅटबद्दलही सांगायला हवं. फिरणारं पातं ॲक्रिलिकच्या पट्टीला लागून गेलं तरी तिला फारसं काही होत नाही. अडवलेलं पातं तीच कड तासत जातं आणि तासलेल्या पट्टीने पुढची प्रत्येक रेष वाकडी येते. ओढून कापताना लोखंडी कडेची पट्टीच घ्या. मॅटवरही अडवलेल्या पात्याची रेघ खोल जाते आणि ती चांगल्या मॅटमध्येही पुरती भरून येत नाही. चामड्यासाठी जुनी मॅट वेगळी ठेवलेली बरी. वळणांबाबत फार आशा नको, ४५चं पातं खिशाच्या गोल कोपऱ्याला मोठंच पडतं आणि यात २८चं पातं बसत नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी डावखुरी आहे. तिच्यासाठी पातं मुठीच्या दुसऱ्या बाजूला बसवता येतं, तशी सोय ठेवली आहे. पण बाजू बदलली की दातेरी कडंही उलटून बसवावं लागतं, नाहीतर मधली खूण नेमकी उलटी चालते: ढकलताना पातं अडतं आणि ओढताना लोळतं. कड्यावर दिशेचा बाण आहे, पण एकाच अंगाला, आणि उलटल्यावर तो आत झाकला जातो. आम्ही दुसऱ्या अंगाला कायमस्वरूपी शाईच्या पेनाने बाण काढला. तिला आता हा कटर माझ्यापेक्षा जास्त आवडतो. एकच मागते, की मी वापरून झाल्यावर कडं पुन्हा तिच्या बाजूने बसवून ठेवावं, आणि त्याला पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडे उजवे-डावे दोघंही असतील तर दोन कटर घ्या, नाहीतर कोणाच्या तरी वेळी कापड गोळा होणारच.